दगडांवर पाणी टाकू द्या, बर्फाचं नंतर बघू

महाराष्ट्रातल्या जिमवाल्यांच्या रील्समध्ये हल्ली दोनच वाद दिसतात: सौनातल्या (तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढायच्या गरम लाकडी खोलीतल्या) घामातून विषद्रव्यं निघतात का, आणि बर्फाच्या टबात कोण किती मिनिटं बसलं. इथे फिनलंडमध्ये माणसं 55 लाख आणि सौना सुमारे 30 लाख, पण या दोन्हींवर कोणी वाद घालत नाही.

पहिल्याचा निकाल सोपा आहे. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. विषद्रव्यांचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बघतात. काट्यावर उतरलेलं वजन पाणी प्यायलं की परत येतं.

मिनिटांच्या हौसेचं काय होतं, तेही इथे पाहून झालं आहे. हेइनोला गावात 1999 पासून सौनात टिकून राहण्याची जागतिक स्पर्धा भरायची, तापमान 110 अंश. 2010 च्या अंतिम फेरीत एक स्पर्धक दगावला आणि स्पर्धा कायमची बंद झाली.

खरा वाद व्हायला हवा तो आपल्याकडच्या सौनातल्या ‘दगडांवर पाणी टाकू नये’ या पाटीवर. पाण्याशिवाय 80 अंशांची कोरडी हवा नुसती नाक जाळते, आणि लोक सौनाला नावं ठेवून बाहेर पडतात. पाटी लागते कारण कोणी अख्खी बादली ओततं, कोणी सुगंधी तेल थेट दगडांवर टाकतं. शिवाय दगड असे रचलेले की हीटरची कॉइल उघडी. दगडांनी कॉइल झाकली पाहिजे, पण मधून हवा खेळली पाहिजे; ठासून भरले तर कॉइल तापून जळते. वर्षातून एकदा सगळे काढून भुगा झालेले फेकायचे. बोअरचं जड पाणी नको, क्षार बसतात. हीटर खोलीच्या दर घनमीटरला साधारण 1 किलोवॅटचा. पाणी एका वेळी एक पळी, 100-200 मिली. चुरचुर थांबली की पुढची. पाणी न चुरचुरता खाली गळलं तर दगड अजून तापलेले नाहीत.

दुसरी खोट बाकाची. बसल्यावर पावलं निदान दगडांच्या वरच्या पातळीला यावीत आणि बाकापासून छत 110-120 सेंमीवर असावं. गुडघाभर उंचीच्या बाकावर डोकं भाजतं, पाय गार राहतात, आणि खापर फुटतं उष्णतेवर.

थंड पाणी फिनलंडमध्येही ऐच्छिकच. 10-15 मिनिटांनी, किंवा नकोसं वाटलं की त्याआधीच, बाहेर यायचं, जरा बसायचं आणि मग शिडीने उतरायचं, उडी नाही. पाणी लागताच श्वास आपोआप आत ओढला जातो, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. ही धाप ओसरायला एक-दोन मिनिटं लागतात, म्हणून नवख्याने मान पाण्यावर ठेवून सावकाश श्वास सोडत राहावं आणि अर्ध्या मिनिटात बाहेर यावं. एकट्याने नाही, दारू पिऊन तर नाहीच. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टर.

2015 मध्ये आलेल्या पूर्व फिनलंडमधल्या अभ्यासाचा दाखला बर्फवालेही देतात. त्यात आठवड्यातून 4-7 वेळा सौना घेणाऱ्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू कमी दिसले. पण सौनामुळेच ते घडलं हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि अभ्यास टबाचा नव्हताच. उलट वजनं उचलल्यावर लगेच थंड पाण्यात बसल्याने स्नायूंची वाढ मंदावते, असं त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात दिसलं. जिममध्ये टब ठेवायचाच असेल तर व्यायाम नसलेल्या दिवशी वापरावा.