बॅटरी काढल्याने रेडिओचं लॉक सुटत नाही

जुन्या गाडीचा मूळ रेडिओ कोड मागत असेल, तर बॅटरी रात्रभर काढून ठेवा, लॉक आपोआप सुटेल, असा सल्ला फिरतो आहे. तो चुकीचा आहे. वीज तुटल्यामुळेच तर हे रेडिओ लॉक होतात. चोराला तो निरुपयोगी ठरावा म्हणूनच ही सोय केलेली असते. कोड ज्या चिपमध्ये असतो, तिच्यातली माहिती विजेविनाही टिकते. कृपया अंदाजाने आकडे दाबत बसू नका, चुकीच्या प्रयत्नांनी रेडिओ आणखी अडतो. बहुतेकदा रेडिओ बाहेर काढून त्यावरच्या लेबलवरचा सिरीयल नंबर विक्रेत्याला, मालकीच्या कागदपत्रांसह दिला की कोड मिळतो.

नवा रेडिओ बसवणार असाल, तर आधी वायरिंग तपासा. जुन्या फोक्सवॅगनमध्ये कायम वीज (गाडी बंद असतानाही मिळणारी) आणि चावीची वीज (चावी फिरवल्यावरच मिळणारी) या तारांच्या जागा नव्या रेडिओच्या मानाने बरेचदा उलट असतात. मग सेटिंग रोज पुसलं जातं.