‘कावीळवाल्याला गुंगी आली तर उठवू नका’ म्हणे!

मावशीच्या भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज तिने मला पाठवला, कारण मावसभावाला कावीळ झाली आहे. मेसेज सांगतो: डॉक्टरांकडे कावीळीवर औषधच नाही, माळ घाला, गावठी काढा घ्या, गुंगी आली तर औषध लागू पडलं समजा, उठवू नका, गरोदर बाईलाही चालतं. सोलापुरात घरोघरी फिरतोय हा मेसेज.

आधी गुंगीचं, कारण यात माणूस जातो. आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचा यकृत युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. यकृताच्या पेशी झपाट्याने मेल्या की अमोनिया रक्तात साचतो, मेंदूला सूज येते. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, भलतंच बोलतो; हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. हे औषध लागू पडणं नव्हे, यकृत बंद पडणं आहे! त्याच वेळी साखरही उतरते, आणि उठवलंच नाही तर तो झोपलाय की बेशुद्ध आहे हे कळणार कसं? रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवतं, म्हणून हिरड्यांतून रक्त येतं. आधी यकृताचा आजार नसताना 26 आठवड्यांच्या आत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) 1.5 किंवा त्याहून जास्त आणि मेंदूवर असा परिणाम, ही यकृत अचानक निकामी होण्याची सर्वमान्य व्याख्या. काहींना हे कावीळ दिसल्यापासून आठवड्यात होतं, आणि मग कधीकधी प्रत्यारोपणाशिवाय इलाज उरत नाही.

डॉक्टरांकडे औषध नाही, हे अर्धं खरं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. त्याचं श्रेय माळवाला घेतो. माळ लांबली की कावीळ उतरली असं तो सांगतो, पण ती लांबते काड्या सुकून गाठी सैल पडतात म्हणून.

काढ्यात काय असतं, देणाराही सांगत नाही. साधी गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले मुंबईचे रुग्ण 2021 साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहेत.

आणि गरोदर बाई? शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर 20 ते 25 टक्क्यांपर्यंत बायका दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिला घरी बसवून काढा पाजायचा?

मावशी, एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) उतरलं म्हणून निर्धास्त राहू नकोस. मरायला पेशीच उरल्या नाहीत तरी ते उतरतं. आजच भावाची पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी करून घे, आणि बोलण्यात जरा जरी फरक वाटला तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात ने.