बर्माच्या जंगलातली पिवळी गोळी आणि एक धोकादायक मेसेज

‘बर्माच्या जंगलातलं इंग्रजांनी लपवलेलं सत्य’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. काल तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती महिनाभराच्या कामासाठी गडचिरोलीतल्या भामरागडला निघाली आहे. डॉक्टरांनी तिला मलेरिया टाळायच्या गोळ्या लिहून दिल्यात, आणि हा मेसेज वाचून घरातल्या मोठ्यांनी तिला ‘त्या अजिबात घेऊ नकोस’ म्हणून बजावलंय. ऐंशी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या महायुद्धाबद्दल कोणी काहीही लिहिलं, तर एरवी सोडून दिलं असतं. हे सोडून देता येत नाही.

मेसेजमधले दावे असे. इंग्रजांनी भारतीय सैनिकांना मेपाक्रिन नावाची मलेरियाची पिवळी गोळी जबरदस्तीने चारली, तो एक प्रयोग होता, तिने पुरुषत्व जायचं, आणि क्विनाइन हे चांगलं औषध गोऱ्यांसाठी राखून ठेवलं होतं. शहाणे सैनिक गोळी थुंकून लसूण आणि कडुलिंबाचा काढा घेत, म्हणून जगले. सबब आजही मलेरियाच्या गोळ्या घेऊ नयेत. जपानी शिपाई जंगलातच वाढलेला, मूठभर भातावर लढायचा. भारतीय आणि आफ्रिकी फक्त ओझी वाहायला होते. सगळी रसद अमेरिकेची. आणि मराठा पलटणी बर्मात नव्हत्याच.

सुरुवात गोळीपासूनच करायला हवी, कारण बाकीच्या थापांनी कोणाला ताप येत नाही.

बर्मात जपान्यांशी लढलेल्या इंग्रजांच्या चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांनी युद्धानंतर लिहिलेल्या वृत्तांतात १९४३ सालचा आकडा दिला आहे: जखमी म्हणून मागे पाठवलेल्या दर एका माणसामागे आजारी म्हणून १२० माणसं मागे पाठवावी लागत होती. एकट्या मलेरियाचं वर्षाचं प्रमाण एकूण सैन्यबळाच्या ८४ टक्के होतं, आणि आघाडीवर त्याहून जास्त. त्यापाठोपाठ आमांश, त्वचारोग आणि गोचिडीसारख्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस. शत्रूने एकही गोळी झाडली नसती तरी ही सेना काही महिन्यांत मोडली असती. १९४५ पर्यंत याच सेनेत आजारी पडण्याचं रोजचं प्रमाण हजारी एकावर आलं. हा फरक लसणाने पडला नाही.

क्विनाइन लपवून ठेवल्याची गोष्ट घ्या. क्विनाइन ज्या झाडाच्या सालीतून मिळतं ते सिंकोना जगातलं नव्वद टक्क्यांहून अधिक जावा बेटावर पिकत होतं आणि मार्च १९४२ मध्ये जावा जपानच्या हातात गेलं. दार्जिलिंगजवळच्या मुंगपूचे आणि निलगिरीचे आपले मळे एवढ्या मोठ्या सेनेला पुरणारे नव्हते. म्हणून गोरे, काळे, भारतीय, गुरखे सगळे मेपाक्रिनवर गेले. न्यू गिनीत ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन सैनिकही तीच गोळी, त्याच कुरबुरी करत घेत होते. या दाव्यात एक खरी गोष्ट मात्र आहे आणि ती मान्य करावीच लागेल: जे थोडं क्विनाइन होतं ते आधी लष्कराकडे गेलं, आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात भुकेने खंगलेली माणसं मलेरियाने मेली, त्यांना औषध मिळालं नाही. सरकारवर राग काढायचा असेल तर त्यासाठी काढा. गोळी वाईट होती हे त्यातून सिद्ध होत नाही. गोळी न मिळाल्याने काय होतं, ते मात्र सिद्ध होतं.

प्रयोग झाला का? झाला, पण भारतीयांवर नाही. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स इथे १९४३ पासून ब्रिगेडियर नील हॅमिल्टन फेअरली यांच्या पथकाने ऑस्ट्रेलियन सैनिकांवर, स्वतःहून पुढे आलेल्या सैनिकांवर, चाचण्या केल्या. त्यांना मलेरियाचे डास चाववले, डोंगरात दमेपर्यंत चालवलं, थंड खोलीत ठेवलं. रोज १०० मिलिग्रॅमची एक गोळी न चुकता घेणारा माणूस या सगळ्यातही तापाने पडला नाही. फाल्सिपॅरम जातीचा मलेरिया त्या मात्रेने बरा होत होता, व्हायव्हॅक्स जातीचा दबून राहत होता.

हा शेवटचा फरक कळला की बरेचसे गैरसमज मिटतात. व्हायव्हॅक्सचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि मेपाक्रिनचा तिथे त्याच्यावर परिणाम होत नाही. गोळी चालू असेपर्यंत ताप येत नाही. सुटीवर गेलेल्या शिपायाने ‘आता घरी आलो’ म्हणून गोळी बंद केली की काही आठवड्यांत हुडहुडी भरायची. मग गावभर बोभाटा, की गोळीचा काही उपयोग नाही, उलट तिनेच ताप आला.

कातडी पिवळी पडायची, हे खरं. मेपाक्रिन हे रंगद्रव्यांच्या कुळातलं रसायन आहे, ते त्वचेत साठतं आणि बंद केल्यावर हळूहळू जातं. ती कावीळ नव्हे. गोळी कडू होती, काहींना मळमळ व्हायची, काहींच्या अंगावर चिवट चट्टे उठले, क्वचित कोणाचं डोकं भ्रमिष्ट झाल्याचीही नोंद आहे. हे दोष होते, म्हणूनच पुढे चांगली औषधं येताच ती मागे पडली. पण पुरुषत्व जाण्याची गोष्ट ही छावणीतली अफवा होती. ती अमेरिकन छावणीत होती, ऑस्ट्रेलियन छावणीत होती, आपल्याकडेही होती, आणि कुठेच तिला पुरावा मिळाला नाही. त्या अफवेने माणसं मारली, कारण तिच्यामुळे शिपाई गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकायचे.

त्यावर स्लिम यांनी काय केलं? अचानक एखाद्या पलटणीतल्या प्रत्येक माणसाची तपासणी लावायची. शंभरातल्या किमान पंचाण्णव जणांच्या अंगात औषध सापडलं नाही तर कमांडिंग ऑफिसर बडतर्फ. तिघांना घालवल्यावर बाकीचे समजले. मग गोळी रांगेत, अधिकाऱ्यासमोर, पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची पद्धत पक्की झाली. अंधार पडायच्या आत बाह्या खाली, पँट लांब. हाफ पँटवर संध्याकाळी फिरणं बंद. उघड्या अंगाला डास पळवणारं मलम, छावणीभोवतीच्या डबक्यांवर तेल, पुढे विमानातून डीडीटीची फवारणी. आणि ताप आलाच, तर माणसाला शेकडो मैल भारतात न धाडता आघाडीच्या थोडंसं मागे, चोवीस तासांच्या आत, मलेरियासाठीच उभारलेल्या तंबूतल्या दवाखान्यात. पूर्वी असा माणूस पाच पाच महिने पलटणीत परतत नसे. आता तीन आठवड्यांच्या आसपास उभा राहू लागला.

नुसत्या गोळीने हे झालं असं मी म्हणत नाही. पण बाह्या, मलम, फवारणी सगळं करूनही जंगलात रात्री गस्तीवर पडून राहणाऱ्याला डास चावणारच. त्या चाव्यानंतर माणूस उभा राहिला तो गोळीमुळे.

आणि काढा? काढ्यावर जगण्याची वेळ खरोखर आली होती, १९४२ मध्ये, बर्मातून पायी निघालेल्या लाखो निर्वासितांवर. त्यांच्याकडे औषध नव्हतं. उत्तर बर्मातल्या हुकाँगच्या खोऱ्यात आणि आसामच्या वाटेवर त्यांतले हजारो मेले, बहुतेक आपलेच लोक.

आजच्या गोळ्या मेपाक्रिनपेक्षा वेगळ्या आहेत. सहा आठवड्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमात मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन सुचवली आहे: १०० मिलिग्रॅम रोज, जायच्या दोन दिवस आधीपासून आणि परत आल्यावर चार आठवडे. हे शेवटचे चार आठवडे लोक हमखास सोडतात, आणि तिथेच फसतात. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. उन्हाने कातडी भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. लांब मुक्कामाला मेफ्लोक्विन, आठवड्यातून एकदा, तेही डॉक्टरांनी तपासल्यावरच. मुक्काम छोटा असो की लांब, मच्छरदाणी हवीच. आणि व्हायव्हॅक्स झालाच, तर तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने ताप उतरला म्हणून चौदा दिवसांचं प्रिमाक्विन अर्ध्यात टाकू नका. यकृतातला परजीवी त्यानेच मरतो.

आता मूठभर भात. मुतागुची यांच्या पंधराव्या जपानी सेनेने मार्च १९४४ मध्ये चिंडविन नदी ओलांडली तेव्हा शिपायांकडे सुमारे तीन आठवड्यांचं अन्न होतं. पुढचं इंफाळच्या गोदामांतून लुटून खायचं, असा बेत. बरोबर हजारो गुरं हाकलत आणली होती; त्यांतली कितीतरी नदीत आणि कड्यांवर गेली. गोदामं हाती लागली नाहीत. कोहिमावर लढणाऱ्या ३१ व्या डिव्हिजनचे सेनापती सातो यांनी अन्न आणि दारूगोळा येत नाही म्हणून वरचा हुकूम मोडून आपली माणसं मागे घेतली. सुमारे ८५ हजारांच्या या सेनेतले पन्नास हजारांहून अधिक मेले किंवा निकामी झाले, आणि मेलेल्यांत भूक, बेरीबेरी, आमांश, मलेरिया यांचा वाटा बंदुकीच्या गोळीपेक्षा मोठा होता. त्यांच्याबरोबर आलेल्या आझाद हिंद सेनेच्या जवानांचीही तीच गत झाली. इंफाळजवळच्या पालेलच्या डोंगरांत मलेरियाने आणि उपासमारीने त्यांचे हाल झाले ते शौर्य कमी पडलं म्हणून नव्हे, औषध आणि पीठ पोचलं नाही म्हणून. त्यांच्या त्यागाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने तरी हा मेसेज पुढे पाठवू नये.

जपानी शिपाई जंगलात वाढलेला हेही खोटं. तो शेतकरी किंवा शहरी होता आणि जपानी सेना त्याआधी वर्षानुवर्षं चीनमध्ये लढत होती. जंगल तो शिकला, आपणही शिकलो. १९४३ मध्ये दोन आख्ख्या भारतीय डिव्हिजनचं काम बदलून त्यांना प्रशिक्षणाला लावलं: १४ वी छिंदवाड्याला, ३९ वी सहारनपूरला. तिथे नव्या रंगरुटाला जंगलातल्या लढाईचे धडे देऊनच आघाडीवर पाठवत. सगळ्यात मोठा धडा हा, की मागचा रस्ता तुटला म्हणून मागे पळायचं नाही. जागेवर घट्ट बसायचं आणि रसद आकाशातून घ्यायची.

ही रसद अमेरिकेची, हे निम्मं खरं आहे. डकोटा मालवाहू विमानं तिकडचीच, आणि त्यांच्याविना इंफाळ टिकलं नसतं. तिथे एप्रिल ते जून १९४४ मध्ये सुमारे १९ हजार टन माल विमानाने उतरला. पण पॅराशूटला रेशीम मिळेना तेव्हा स्लिम यांच्या लोकांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून तागाची पॅराशूट करून घेतली. नेहमीच्या पॅराशूटची किंमत वीस पौंडांच्या वर, याची एक पौंडाच्या जरा वर, आणि भरवसा नेहमीच्याच्या ८५ टक्के. माणसं उतरवायला नव्हे, पीठ-डाळीची पोती टाकायला पुरेसं.

ओझीवाले म्हणे. पश्चिम आफ्रिकेची ८१ वी डिव्हिजन कलादान खोऱ्यात माल डोक्यावर वाहून नेत होती, कारण तिथे खेचरंही नीट चालत नव्हती. त्याआधी तिने डोंगरांतून सुमारे ७५ मैलांचा जीपरस्ता हाताने खोदला, आणि मग त्याच माणसांच्या साथीने लढाई केली. पूर्व आफ्रिकेची ११ वी डिव्हिजन १९४४ च्या भर पावसात काबॉ खोऱ्यातून, मलेरिया आणि टायफसच्या मुलखातून, कालेवापर्यंत गेली. १३ एप्रिल १९४४ ला इंफाळजवळच्या नुनशिगम डोंगरावर रणगाडे इंग्रज कॅराबिनियर्स रेजिमेंटचे होते आणि पायदळ १/१७ डोग्रा पलटणीचं. सगळे इंग्रज अधिकारी पडल्यावर सुभेदार रणबीर सिंग आणि रणगाड्यांचे सार्जंट मेजर क्रॅडक यांनी मिळून शिखर घेतलं. आघाडीवरच्या डिव्हिजनपैकी आठ भारतीय होत्या.

राहिले मराठे. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे यांचे व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतले, एवढ्यावरून मेसेजवाल्याने बाकी सगळं पुसून टाकलं. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ४/५ मराठा पलटण होती. टेकडीवर पाण्याचा झरा नाही, काटेरी तारा नाहीत, हातभर खणलं की खडक. विमानातून टाकलेला बराच माल शत्रूकडे पडला. तरी २६ तारखेच्या रात्रीपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही, आणि कोहिमाकडे निघालेली जपानी तुकडी तेवढे दिवस तिथे अडकली. पुढे जानेवारी १९४५ मध्ये बर्माच्या आराकान किनारपट्टीतल्या कानगावला २/२ पंजाब पलटणीचे कमांडर होते कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. ब्रिगेडच्या दुसऱ्या दोन पलटणी थिमय्या आणि एल. पी. सेन यांच्याकडे होत्या. तिघांनाही डीएसओ हे लष्करी पदक मिळालं.