‘ले’ की ‘लेड’? आधी ‘ने’ लावून बघा

इंग्रजी क्रियापदांचे तक्ते घोकायला लावणाऱ्यांशी माझं भांडण याच जागी आहे. ‘गो-वेंट-गॉन’ पाठ केलं की काम भागतं. ‘लाय-ले-लेन’ आणि ‘ले-लेड-लेड’ या दोन ओळी पाठ करून भागत नाही. दोन्ही तोंडपाठ असणारेही ‘ही लेड ऑन द बेड’ असं चुकीचं लिहितात.

‘लाय’ म्हणजे आडवं होणं, पडून असणं. त्याचा भूतकाळ ‘ले’. पण ‘ले’ हे दुसऱ्याच एका क्रियापदाचं वर्तमानकाळाचं रूपही आहे: ठेवणं, अंथरणं, अंडी घालणं. पहिलं अकर्मक, दुसऱ्याला कर्म हवंच; आपल्या पडणे-पाडणेसारखी जोडी. त्यात कान दगा देतो. ‘लेड डाउन’ म्हणताना ‘लेड’चा ‘ड’ पुढच्या ‘डाउन’मध्ये विरतो आणि ‘ले डाउन’च ऐकू येतं.

मराठी माणसाकडे मात्र तयार कसोटी आहे, आणि ती कुणी शिकवत नाही याचं नवल वाटतं. वाक्य मराठीत, भूतकाळात म्हणा आणि कर्त्याला ‘ने’ लागतो का बघा; लागला तर क्रियापदाला कर्म आहे. ‘ती आडवी झाली’: ‘ने’ नाही, म्हणून ‘शी ले डाउन’. ‘तिने चादर पलंगावर अंथरली’: ‘ने’ आला, म्हणून ‘शी लेड द शीट ऑन द बेड’. कर्ता ‘तो’ किंवा ‘ती’च घ्या, ‘मी’ आणि ‘तू’ला ‘ने’ लागत नाही, तिथे काही कळणार नाही.

‘डिड’ आला की मूळ रूप: ‘शी डिडन्ट लाय डाउन’. इथे ‘ले’ लिहिणारे पुष्कळ. ‘वॉज’नंतर ठेवल्याचा अर्थ असेल तर ‘लेड’. नोकरीवरून कमी केलेला माणूसही ‘लेड ऑफ’च. स्पेलिंग एल-ए-आय-डी, ‘वाय’ला ‘ईडी’ जोडू नका. ‘लेन’ बोलण्यात क्वचितच येतं.

इंग्रजी मातृभाषा असलेलेही बोलताना सर्रास ‘आय ॲम लेइंग डाउन’ म्हणतात, आणि ‘ले’चा असा अकर्मक वापर चौदाव्या शतकापासून सापडतो. त्यामुळे गप्पांमध्ये कुणाला टोकू नये. परीक्षेत आणि छापील मजकुरात मात्र ही चूक अजून धरली जाते.

एका ठिकाणी ‘ने’ची कसोटी फसते. ‘तो खोटं बोलला’ यात ‘ने’ नाही, तरी ‘ही ले टू मी’ होत नाही. खोटं बोलण्याचा ‘लाय’ हा वेगळाच शब्द, आणि तो नियमित चालतो: लाय, लाइड, लाइड.