नाक, चिठ्ठी आणि 73 गोळ्या

तीन दिवस नाक चोंदलंय. डावी नाकपुडी उघडली की उजवी संपावर. नौपाड्यातल्या एका मेडिकलमध्ये सुडोइफेड्रिनवाली, म्हणजे चोंदलेलं नाक उघडणारी गोळी मागितली, तर काउंटरवरच्या पोराने मला आधी खालून वर पाहिलं, मग वरून खाली.

"चिठ्ठी?"

चिठ्ठी म्हणजे शिंकेपायी पाचशे रुपये फी आणि दीड तास बाकडं. मी घुटमळलो आणि तिथेच फसलो. शेजारी बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेले काका सरसावले. वागळे इस्टेटला केमिकल कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलेले. अशा माणसाला चोंदलेल्या नाकाचा श्रोता म्हणजे पर्वणीच, तो मध्ये बोलत नाही.

"अहो, याच मालापासून मेथ नावाची नशा काढतात. अमेरिकेने 2005 चा कायदा आणला, 2006 पासून गोळ्या काउंटरमागे गेल्या. फोटोचं ओळखपत्र, वहीत सही, वही दोन वर्षं जपायची. दिवसाला 3.6 ग्रॅम, तीस दिवसांत 9."

"म्हणजे दिवसाला किती गोळ्या?" मी.

"60 मिलिग्रॅमच्या 73."

पोराने कॅल्क्युलेटर बडवला. "साठच येतात, काका."

काकांना हेच हवं होतं. "मर्यादा बेसवर, म्हणजे मूळ औषधावर आहे, गोळीत असतो त्या हायड्रोक्लोराइड क्षारावर नाही! 60 च्या गोळीत बेस भरतो 49 च्या आसपास. आता भाग."

73 आले. मागे रांगेत पाच माणसं झाली होती. मला दहाची एक स्ट्रिप हवी होती हो.

"अमेरिकेत घोळ कुठे झाला? वह्या कागदी! या दुकानाची वही त्या दुकानाच्या वहीशी बोलत नाही. दहा दुकानं फिरला की माणसाचा साठा तयार. मग दुकानं संगणकाने जोडली. घरगुती भट्ट्या कमी झाल्या, पण मेक्सिकोतल्या मोठ्या भट्ट्यांनी सुडोइफेड्रिन लागतच नाही असा रस्ता काढला."

तिथल्या ऑरेगॉन राज्याने 2006 मध्ये चिठ्ठी सक्तीची केली होती, 2022 पासून ती काढली. त्यांचं नाक सुटलं एकदाचं.

"आपल्याकडे काय कमी आहे?" काका आता पोराला पकडून बसले. "अमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस 1985, कलम 9अ. 2013 च्या आदेशात सुडोइफेड्रिन आणि त्याचं भावंड इफेड्रिन, दोन्ही अनुसूची अ मध्ये, म्हणजे नियंत्रित मालाच्या यादीत. बनवा, विका, नुसतं साठवा, आधी नार्कोटिक्स ब्यूरोचा नोंदणी क्रमांक. रोजचा हिशोब, तिमाही विवरण. मोडलात तर 25अ, दहा वर्षांपर्यंत आत."

एवढं असून 2016 मध्ये आपल्याच ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या कारखान्यात इफेड्रिन पकडलं ते टनांच्या हिशोबात. तिथे ड्रमच्या ड्रम जमले, आणि इथे माझी स्ट्रिप अडली.

शेवटी पोराने नाकासाठीच विकली जाणारी दुसरी, फिनाइलेफ्रिनवाली दिली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. कशी लागेल? पोटात घेतली की तिचा बराचसा भाग आतडं आणि यकृतच खाऊन टाकतात, नाकाला उरतं ते नावापुरतं. 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, एफडीएच्या, सल्लागार समितीने 16 विरुद्ध 0 मतांनी सांगून टाकलं की या गोळीने नाक उघडत नाही. उघडणारी कुलपात, न उघडणारी काउंटरवर बरणीशेजारी.

"मोबाईल नंबर?" पोरगा.

"रजिस्टरसाठी?"

"छे, पॉइंट्ससाठी."

दिला. नाक अजून बंदच आहे. शुगर तपासणीवर सवलतीचे मेसेज तेवढे नियमित येतात.