आठ शिवमंदिरं ‘एकाच रेखांशावर’? त्या मेसेजमधले आकडेच नाही म्हणतात

श्रावण लागला किंवा महाशिवरात्र जवळ आली की कोल्हापुरातल्या तालमींच्या, पेठांच्या आणि शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केदारनाथ, कालेश्वरम्, श्रीकालहस्ती, कांचीपुरमचं एकांबरेश्वर, तिरुवण्णामलै, चिदंबरम्, तिरुवानैकावल आणि रामेश्वरम् ही आठ शिवमंदिरं 79 अंश रेखांशावर एका सरळ रेषेत आहेत. उपग्रह नव्हते, जीपीएस नव्हतं, तरी हजारो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी हे साधलं. सोबत नकाशावर वरून खाली ओढलेली लाल रेघ आणि प्रत्येक मंदिराचे अक्षांश-रेखांश.

मी भूगोल शिकवतो. सहावीच्या वर्गात वृत्तजाळी, म्हणजे अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं यांचं जाळं, समजावून घरी यावं, तर त्याच मुलांच्या पालकांच्या मोबाइलवर हे. या मंदिरांच्या मोठेपणाबद्दल माझा वाद नाही, मेसेजमधल्या भूगोलाबद्दल आहे. म्हणून एकेक दावा घेतो.

पहिला दावा, आठही मंदिरं 79 रेखांशावर आहेत. पुरावा शोधायला लांब जायला नको, मेसेजमधलेच आकडे वाचा. केदारनाथ 79.07 पूर्व. तिरुवण्णामलैही 79.07. रामेश्वरम् 79.32. चिदंबरम् 79.69, कांचीपुरम आणि श्रीकालहस्ती 79.70. कालेश्वरम् 79.91, म्हणजे 79 पेक्षा 80 ला खेटून. आणि तिरुवानैकावल 78.71, म्हणजे 79 पर्यंत पोचतही नाही. सगळ्यात पश्चिमेचं आणि सगळ्यात पूर्वेचं मंदिर यांत 1.2 अंशांचा फरक आहे.

1.2 ऐकायला किरकोळ वाटतं, आणि सगळी फसगत तिथेच होते. अंश हे कोनाचं माप आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, आपल्या कोल्हापूरच्या अक्षांशावर साधारण 106.6, केदारनाथपाशी 96 च्या आसपास, कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. या मंदिरांच्या पट्ट्यात 1.2 अंश म्हणजे जवळपास 130 किलोमीटर. आता हे आपल्या भागात ठेवून पाहा. रत्नागिरी 73.30 वर आहे, इचलकरंजी 74.46 वर. फरक 1.16. मेसेजचा नियम लावला तर समुद्रकाठची रत्नागिरी आणि पंचगंगेकाठची इचलकरंजी एकाच उत्तर-दक्षिण रेषेवर येतात! मधला आंबा घाट, सगळा सह्याद्री, आख्खं कोल्हापूर त्या ‘रेषे’च्या जाडीत गडप. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलेला कुणीही सांगेल की आपण उत्तरेला नव्हे, पश्चिमेला गेलो.

आणखी एक गोष्ट. मेसेजमध्ये रेखांश चार-चार, सहा-सहा दशांश स्थळांपर्यंत दिलेत. चौथं दशांश स्थळ म्हणजे साधारण 11 मीटर. अकरा मीटरचा हिशेब लिहून दाखवायचा आणि 130 किलोमीटरचा फरक नजरेआड करायचा, याला अचूकता म्हणत नाहीत.

मग नकाशावर रेघ सरळ कशी दिसते? मोबाइलच्या पडद्यावर केदारनाथ ते रामेश्वरम् हे जवळपास 2,400 किलोमीटर पंधरा सेंटिमीटरांत बसवले, तर एक मिलिमीटर म्हणजे 16 किलोमीटर. 130 किलोमीटरचा विस्कोट आठ मिलिमीटरांत मावतो. वर मंदिरांचे ठिपके दोन-तीन मिलिमीटरांचे आणि रेघ जाड. त्यातूनही नीट पाहिलंत तर कालेश्वरम् उजवीकडे आणि तिरुवानैकावल डावीकडे सुटलेलं दिसतं.

दुसरा दावा, इतकी मंदिरं एका ओळीत येणं हा योगायोग असूच शकत नाही. असू शकतो, आणि अशी ओळ घरबसल्या तयार करता येते. आपल्या अंबाबाईपासून सुरुवात करू, रेखांश 74.22. दक्षिणेला गोकर्णाचं महाबळेश्वर 74.32. उत्तरेला शिर्डी 74.48. राजस्थानातलं पुष्कर 74.55. आणि थेट श्रीनगरच्या टेकडीवरचं शंकराचार्य मंदिर 74.84. गोकर्ण ते श्रीनगर अंतर साडेएकवीसशे किलोमीटरांच्या वर, आणि रुंदी फक्त 0.62 अंश. मेसेजमधल्या ‘रेषे’च्या निम्मी! म्हणजे सरळपणात माझी रेषा त्यांच्यापेक्षा दुपटीने चांगली. पण तिच्यात शिर्डी आहे, आणि शिर्डीचं समाधी मंदिर विसाव्या शतकातलं. गोकर्णाचा आणि पुष्करचा आराखडा साईबाबांचं स्थान धरून कुणी आखला नव्हता. देशात देवस्थानं इतकी आहेत की आधी पट्टा ठरवून मग त्यात बसणारी नावं उचलली, तर कुठलीही ओळ लागते.

मेसेजमधली निवडही तशीच आहे. बारा ज्योतिर्लिंगांतली फक्त दोन घेतली, केदारनाथ आणि रामेश्वर. उरलेली दहा का नाहीत? कारण सोमनाथ 70.4 वर आणि देवघरचं वैद्यनाथ 86.7 वर, ती कुठल्याच रेषेत बसत नाहीत. मग दक्षिणेतली पंचमहाभूतांची पाच स्थानं जोडली. उत्तरेतलं केदारनाथ आणि दक्षिणेतली मंदिरं यांच्यात मोठी पोकळी उरली, म्हणून मध्ये कालेश्वरम् घातलं, जे या दोन्ही गटांत नाही.

एका ठिकाणी मात्र थांबायला हवं, कारण तिथे मेसेजमध्ये खरंच लक्ष वेधणारं काही आहे. श्रीकालहस्ती, कांचीपुरम आणि चिदंबरम् या तिघांचे रेखांश 79.698, 79.700 आणि 79.694 आहेत. उत्तर-दक्षिण 260 किलोमीटरांचं अंतर, आणि पूर्व-पश्चिम फरक सातशे मीटरांच्या आत. हे नाकारायचं कारण नाही. तत्त्वतः हे मुद्दाम करणं अशक्यही नव्हतं: शंकूच्या सावलीवरून उत्तर-दक्षिण दिशा चांगली अचूक काढता येते आणि ती पुढे पुढे नेता येते. पण अशक्य नव्हतं म्हणजे केलं होतं, असं होत नाही. त्यासाठी हेतूचा पुरावा लागतो. आणि तो हेतू असता तर पंचमहाभूतांतली उरलेली दोन, तिरुवण्णामलै आणि तिरुवानैकावल, अनुक्रमे 68 आणि 108 किलोमीटर पश्चिमेला का? शिवाय ही मंदिरं एका हाताने, एका काळात उभी राहिलेली नाहीत. पल्लव, चोळ, विजयनगर असे थर त्यांत आहेत. श्रीकालहस्तीचं मोठं गोपुर कृष्णदेवरायाने 1516 साली बांधलं. अशी जवळीक आपल्याकडेही आहे. त्र्यंबकेश्वर आणि भीमाशंकर, दोन्ही 73.53 च्या आसपास, फरक अर्ध्या किलोमीटरचा. दोन्ही ज्योतिर्लिंगं, दोन्ही सह्याद्रीतली, दोन्ही नदीच्या उगमापाशी. ती तिथे का आहेत याचं उत्तर गोदावरी आणि भीमा देतात.

तिसरा दावा, प्राचीन भारतीयांना रेखांश इतके अचूक मोजता येत होते. याच दाव्याने आपल्या खऱ्या खगोलशास्त्राचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अक्षांश आणि रेखांश ही जुळी भावंडं नाहीत. अक्षांश आकाशात लिहिलेला आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, जवळपास तितका तुमचा अक्षांश. आपल्या ग्रंथांत याहून सोयीची रीत आहे: दिवस-रात्र समान असलेल्या दिवशी सपाट जमिनीवर 12 अंगुळांचा शंकू उभा करायचा आणि भर माध्यान्हीची सावली मोजायची. ती पलभा. कोल्हापूरची पलभा 3.6 अंगुळं येते, उज्जैनची 5.1 च्या पुढे. काठी आणि दोरीवर गावाचा अक्षांश हातात.

रेखांशाला असं आकाशात काही लिहिलेलं नसतं. पृथ्वी फिरते, त्यामुळे तेच तारे कोल्हापूरवरूनही जातात आणि त्याच अक्षांशावरच्या पूर्वेकडच्या गावावरूनही, फक्त वेळ वेगळी. एक अंश म्हणजे चार मिनिटं. म्हणून रेखांश मोजायचा म्हणजे दोन गावांतल्या स्थानिक वेळेचा फरक मोजायचा, आणि त्यासाठी दोन्हीकडे एकाच क्षणी दिसणारी घटना हवी. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथात ती घटना सांगितली आहे: चंद्रग्रहण. गणिताने मध्यरेषेवरची, म्हणजे शून्य धरलेल्या रेखांशावरची, वेळ काढायची, आपल्या गावी ग्रहण केव्हा दिसलं ते घटिकापात्रावर, म्हणजे पाण्याच्या घड्याळावर, मोजायचं. गणितापेक्षा उशिरा दिसलं तर आपण रेषेच्या पूर्वेला, लवकर दिसलं तर पश्चिमेला. तो फरक म्हणजे देशांतर. ती मध्यरेषा उज्जैनवरून जात असे. त्या हिशेबाने कोल्हापूर 1.55 अंश पश्चिमेला, म्हणजे सहा मिनिटं 12 सेकंदांचा फरक, साडेपंधरा पळं (एक पळ म्हणजे 24 सेकंद).

कल्पना अस्सल आहे, आणि तिची मर्यादाही तिच्यातच आहे. चंद्रावर पडणाऱ्या सावलीची कड धूसर असते. ग्रहण नेमकं लागलं कधी हे सांगताना मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे सहज होतात. एक मिनिट चुकलं की कोल्हापूरच्या अक्षांशावर साडेसव्वीस किलोमीटरांची चूक. ही मर्यादा ग्रंथांतच दिसते. भास्कराचार्यांनी मध्यरेषा लंका, उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांवरून जाते असं सांगितलं आहे. आजच्या मोजणीत उज्जैन 75.77 वर आणि कुरुक्षेत्र 76.84 वर येतं. फरक 1.07 अंश, शंभर किलोमीटरांच्या वर. ज्यांनी 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्यांच्या परंपरेतली ही अचूकता होती, आणि त्या काळात जगात कुणाकडेच याहून फार चांगली नव्हती. समुद्रावर रेखांश ठरवायला लागणारं भरवशाचं घड्याळ इंग्लंडमध्ये जॉन हॅरिसनने बनवलं ते अठराव्या शतकात; 1761-62 च्या जमैकाच्या सफरीत ते कसाला लागलं.

आणि 79 हा आकडा? तो ग्रिनिचपासून मोजलेला आहे. ग्रिनिच हे सगळ्यांचं शून्य ठरलं 1884 मध्ये, वॉशिंग्टनच्या परिषदेत. आपल्या पूर्वजांच्या गणनेत केदारनाथ उज्जैनच्या पूर्वेला तीन-सव्वातीन अंश आलं असतं. 79 ला त्यांच्या लेखी काहीही अर्थ नव्हता.

हिंदुस्थानात उत्तर-दक्षिण एवढी लांब रेषा खरोखर मोजली गेली, तिला काय लागलं तेही पाहा. 1802 मध्ये विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ पहिली पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली रेषा, मोजली. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, 78 रेखांशाच्या आसपास, त्रिकोणामागून त्रिकोण बांधत काम चाललं, कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र, थिओडोलाइट, माणसांनी डोंगरांवर चढवत. चाळीसेक वर्षं गेली. लॅम्टन 1823 मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने पुरं केलं. एवढ्या कामाच्या नोंदी, तक्ते, हिशेब, भांडणं सगळं मागे उरलं. आठ मंदिरांच्या रेषेसाठी असं काही झालं असतं, तर शिलालेखांनी भरलेल्या त्या दक्षिणेतल्या मंदिरांच्या भिंतींवर त्याची एखादी ओळ तरी असती.

कोल्हापुरात ही चर्चा निघाली की एक जण म्हणतोच, “मग अंबाबाईचा किरणोत्सव कसा होतो? ते काय योगायोगाने?” चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर आहे: नाही, तिथे आकाशाची जाण आहे. परंपरेने 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा करत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी देवीचे चरण, मग छाती, तिसऱ्या दिवशी मुखकमल. या तारखा अशाच का? 10 नोव्हेंबरपासून दक्षिणायन संपायला साधारण 41 दिवस उरतात, आणि ते संपल्यावर 41 दिवसांनी 1 फेब्रुवारी येते. दोन्ही वेळा सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे 17 अंश दक्षिणेला असतो, म्हणून कोल्हापुरातून तो एकाच जागी मावळताना दिसतो, नेमक्या पश्चिमेच्या सुमारे 18 अंश दक्षिणेला. ढग आले किंवा वाटेत एखादं बांधकाम वर आलं की किरणं अडतात, हे आपण दरवर्षी पाहतो. यात लागतं ते सूर्याचं वर्षभराचं निरीक्षण, दिशा आणि अक्षांश. रेखांशाचा संबंधच येत नाही. अंबाबाईचं मंदिर याच अक्षांशावर दोनशे किलोमीटर पूर्वेला असतं, तरी त्याच तारखांना सूर्य त्याच दिशेला मावळला असता, फक्त काही मिनिटं आधी.

पटत नसेल तर 23 सप्टेंबरला गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. घड्याळात बारा वाजता नाही, 12 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास सावली सगळ्यात आखूड होईल. ती साधारण 30 सेंटिमीटर भरेल. काठी आणि सावली यांच्या प्रमाणातून निघणारा कोन हा आपला अक्षांश, 16.7. आणि सूर्य त्या दिवशी घड्याळाच्या सरासरी वेळेपेक्षा साडेसात मिनिटं पुढे असतो, ती त्या 25 मिनिटांत मिळवलीत की 33 च्या आसपास येतात. चाराने भागा, सव्वाआठ. भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशातून, साडेब्याऐंशीतून, ते वजा केले की 74 आणि थोडं वर: कोल्हापूरचा रेखांश. सावली आखूड होण्याचा क्षण पकडताना एक मिनिट हुकलं तर उत्तर पाव अंशाने चुकेल, हेही तिथेच दिसेल.