बारीक दोरीचा सल्ला बेटकास्टिंग रिळाला लागू पडत नाही

कोकणातल्या खाड्यांवर ल्युअर (कृत्रिम आमिष) घेऊन गरवायला जाणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: बेटकास्टिंग रिळासाठी (ज्याचा स्पूल, म्हणजे दोरीची फिरकी, फेकताना फिरतो) विणलेली दोरी घेताना हव्या त्या पौंडांत, म्हणजे भार सोसण्याच्या ताकदीत, मिळेल तितकी बारीक दोरी घ्यावी, कारण ती लांब जाते, ती आठ पदरी किंवा त्याहून जास्त पदरांचीच असावी, कारण चार पदरी दोरी हा जुना माल आहे, ती रिकाम्या स्पूलवर थेट बांधावी, बारीक असल्यामुळे ती माशाला दिसत नाही, म्हणून लीडर (दोरी आणि ल्युअर यांच्यामधला जाड तुकडा) लावू नये, आणि ती कुजत नसल्यामुळे एकदा भरली की अनेक वर्षे बदलावी लागत नाही. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. स्पिनिंग रिळाच्या बाबतीत त्यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु बेटकास्टिंग रीळ हे वेगळे यंत्र आहे, आणि त्यावर हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर ल्युअर जातात, मासे जातात आणि नव्याने शिकणारा माणूस आपल्याच हाताला दोष देत रीळ कपाटात ठेवून देतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बारीकपणाचा आहे. स्पिनिंग रिळात फेकीच्या वेळी स्पूल स्थिर असतो आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळी होऊन सुटते, त्यामुळे दोरी जितकी बारीक तितका कडेवरचा अडथळा कमी. बेटकास्टिंग रिळात मात्र ल्युअर दोरीला ओढतो आणि दोरी स्पूलला फिरवते. म्हणजे दोरी प्रत्येक क्षणी स्वतःच्याच खालच्या थरावरून विनाअडथळा सुटली पाहिजे, नाहीतर सगळे गणित बिघडते. आजची विणलेली दोरी अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनच्या तंतूंची असते. हे तंतू निसरडे असतात, ताण पडला तरी जेमतेम ताणले जातात आणि त्यांच्या वेटोळ्यांना एकमेकांना धरून ठेवणारे घर्षण फारच कमी असते. अशी बारीक दोरी जोराच्या ताणाखाली आली की ती खालच्या दोन वेटोळ्यांच्या मधल्या फटीत पाचरीसारखी घुसते. बाहेरून काहीच दिसत नाही. रीळ व्यवस्थित भरलेले दिसते.

हे मी स्वतः अनुभवले आहे. रेवदंड्याजवळ कुंडलिका खाडीच्या काठी, ओहोटी लागलेली असताना, माझा ल्युअर तिवराच्या मुळांत अडकला. रिळावर 20 पौंडांची आठ पदरी दोरी होती, आणि ज्या दुकानातून ती घेतली तिथे मला हाच सल्ला ऐकवला होता. मी रॉड सरळ धरून, स्पूल अंगठ्याने दाबून जोर लावला, आणि ल्युअर सुटला. पुढची फेक मी निवांत केली. ल्युअर हवेत असेल नसेल तोच स्पूल जागच्या जागी थांबला, काठी तुटल्यासारखा कडाड आवाज झाला आणि 18 ग्रॅमचा ल्युअर दोरीशिवाय पलीकडच्या चिखलात जाऊन पडला. घरी आल्यावर दिव्याखाली स्पूल धरून नखाने एकेक वेटोळे उचलून पाहिले, तेव्हा तुटलेले टोक सहा-सात वेटोळ्यांच्या खाली रुतलेले सापडले. गाठ सुटली नव्हती, दोरी सडलेली नव्हती. ती फक्त आपल्याच थरांत गाडली गेली होती. तोच प्रकार मासा पळत असताना घडता, तर तोंडात तीनशूली गळ घेऊन एखादी तांबोशी कायमची निघून गेली असती, आणि ती गोष्ट मला ल्युअर गमावण्यापेक्षा फार जास्त लागली असती.

‘पण 20 पौंडांची ताकद पुरेशी आहे’ हे उत्तर इथे नेहमी दिले जाते, आणि ताकदीपुरते ते बरोबरच आहे. 20 पौंड म्हणजे सुमारे 9 किलो, आणि कमी उंचीच्या बहुतेक बेटकास्टिंग रिळांचा ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी घसरू देणारी रिळातली यंत्रणा) 5 ते 8 किलोंच्या आसपास संपतो. म्हणजे 50 पौंडांची, सुमारे 23 किलो भार सोसणारी दोरी त्या रिळावर ताकदीसाठी घेण्यात काहीच अर्थ नाही. ती जाडीसाठी घ्यायची असते. जाड दोरी फटीत घुसत नाही, गुंता झाला तर बोटांनी सोडवता येते आणि मुळांवर घासली तरी तिच्यात झिजायला काही शिल्लक असते. मूळ सल्ल्यातली चूक नेमकी इथे आहे: बेटकास्टिंग रिळावर पौंडांचा आकडा गौण असतो आणि व्यास हीच निवडीची खरी कसोटी असते.

व्यास कसा ओळखायचा हेही सांगितले पाहिजे, कारण डब्यावरचे पौंड प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने लिहितो. कोणी सरासरी ताकद लिहितो, कोणी कमाल. त्यापेक्षा जपानी पद्धतीचा पीई (पॉलिएथिलीन) क्रमांक अधिक उपयोगी पडतो. त्यात पीई 1 म्हणजे 200 डेनियर, अर्थात 9000 मीटर दोरीचे वजन 200 ग्रॅम, आणि क्रमांक दुप्पट झाला की त्याच लांबीचे वजनही दुप्पट होते. अंदाजे व्यास पाहायचा तर पीई 2 सुमारे 0.235 मिलिमीटर आणि पीई 4 सुमारे 0.33 मिलिमीटर भरते. खाडीतल्या कामासाठी मी पीई 3 ते 4 च्या खाली जात नाही, म्हणजे साधारण 40 ते 50 पौंड. शेवाळ आणि कमळाने भरलेल्या तळ्यात बेडकाच्या आकाराचा ल्युअर टाकून मरळ काढायची असेल तर 50 ते 65 पौंड. आणि अडथळे नसलेल्या मोकळ्या पाण्यात 30 पौंड चालते. ज्या स्पूलवर पीई 2 ची 200 मीटर दोरी बसते त्यावर पीई 4 ची साधारण 100 मीटर बसेल. तिवरांच्या कडेला आपण 25 ते 30 मीटर फेकतो, त्यामुळे ही लांबी भरपूर होते. फेकीचे अंतरही या टप्प्यात दोरीच्या जाडीपेक्षा ल्युअरचे वजन, फिरत्या स्पूलला आवरणाऱ्या ब्रेकची जुळणी आणि अंगठा यांवर कितीतरी अधिक ठरते.

याला अपवाद आहेत, आणि ते मान्य केले पाहिजेत. तीन ते पाच ग्रॅमचे ल्युअर फेकण्यासाठी बनवलेल्या, उथळ आणि हलक्या स्पूलच्या खास रिळांवर पीई 1 किंवा त्याहूनही बारीक दोरी योग्यच असते, कारण तिथे जाड दोरीचे वजनच स्पूलला जड होते आणि ताणही बेताचा असतो. होडीतून खोल पाण्यात सरळ खाली जिग (जड धातूचा ल्युअर) सोडणारे लोकही आडव्या स्पूलच्या रिळांवर बारीक दोरी वापरतात, पण ते फेकत नाहीत. तिथे दोरीला प्रवाह कमी लागावा हा हेतू असतो. हा सल्ला बहुधा अशाच वापरातून उचलला गेला असावा, असे मला वाटते.

आता पदरांविषयी. आठ पदरी दोरी अधिक गोल, गुळगुळीत आणि कड्यांतून जाताना कमी आवाज करणारी असते हे खरे आहे. पण त्याच जाडीच्या चार पदरी दोरीतला प्रत्येक पदर अधिक जाड असतो, त्यामुळे कालवाच्या धारेवर एकदा घासल्याने तो सहज तुटत नाही. शिवाय ती जरा ताठ असते, आणि फिरत्या स्पूलवर ताठपणा हा गुण आहे. मऊ, ढिली दोरी स्पूलने थोडासा जरी वेग जास्त घेतला तरी फुगून वर येते आणि गुंता करते. माझ्या मते पदरांच्या संख्येपेक्षा वीण किती घट्ट आहे हे पाहावे. दुकानात दोरीचा बोटभर तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून टोके एकमेकांकडे हलकेच ढकलावीत: घट्ट विणलेली दोरी गोल राहून वाकते, ढिली दोरी मध्येच उघडून फितीसारखी चपटी होते. चपटी होणारी दोरी आठ पदरी असो वा बारा पदरी, बेटकास्टिंग रिळावर ती घेऊ नये. घट्ट विणीची आठ पदरी दोरी चांगलीच असते. माझा विरोध चार पदरीला जुना माल म्हणण्याला आहे.

रिकाम्या स्पूलवर थेट बांधण्याचा मुद्दा लवकर निकालात निघतो. धातूच्या गुळगुळीत स्पूलवर ही निसरडी दोरी पकड घेत नाही, आणि ताण आला की दोरीची संपूर्ण गुंडाळी स्पूलभोवती घसरत फिरते. माणसाला वाटते की ड्रॅग बिघडला. यावर उपाय साधा आहे: आधी तंगूसाचे (एकपदरी नायलॉन दोरीचे) पाच-दहा मीटर भरावेत आणि त्याला विणलेली दोरी जोडावी, किंवा स्पूलवर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक फेरा लावावी. काही स्पूलना दोरी ओवण्यासाठी भोके असतात, तिथे याचीही गरज पडत नाही. भरताना मात्र दोरी ओल्या फडक्यात घट्ट दाबून धरूनच भरावी, कारण ढिल्या भरलेल्या स्पूलवर जाड दोरीही रुतते, आणि स्पूलची कड दोन-तीन मिलिमीटर उघडी ठेवावी.

लीडरची गरज नाही हे विधान मला सर्वांत घातक वाटते. विणलेली दोरी अपारदर्शक असते. बारीक असली म्हणून ती पाण्यात नाहीशी होत नाही. ज्या फ्लोरोकार्बनला (लीडरसाठी वापरल्या जाणाऱ्या पारदर्शक दोरीला) अदृश्य म्हणून विकले जाते त्याचाही प्रकाशाचा अपवर्तनांक 1.42 च्या आसपास आहे आणि पाण्याचा 1.33, म्हणजे तेसुद्धा पूर्ण अदृश्य नसते. पण आपल्या गढूळ खाड्यांत दिसण्याचा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न घासण्याचा आहे. तांबोशी गळाला लागताच मुळांकडे वळते, आणि त्या मुळांवर कालवे बसलेली असतात. जिताड्याच्या कल्ल्यांची झाकणे इतकी धारदार असतात की तो डोके झटकतो तेव्हा ताणलेली बारीक दोरी सहज कापली जाते. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड लीडर, 30 ते 40 पौंडांचा, हे घासणे काही काळ सोसतो, आणि मासा ओढून काढायला तेवढा वेळ पुरतो. पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या ल्युअरला तंगूसाचा लीडर बरा, कारण फ्लोरोकार्बनची घनता 1.78 च्या आसपास असल्याने ते ल्युअरचे तोंड खाली ओढते; बुडणाऱ्या ल्युअरला फ्लोरोकार्बन उत्तम. लीडरची लांबी अशी ठेवावी की फेकताना जोडाची गाठ रॉडच्या टोकाबाहेरच राहील आणि रिळाच्या दोरी पसरवणाऱ्या कडीत कधीच शिरणार नाही. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. हे तंतू साधारण 145 अंश सेल्सियसला वितळतात, आणि कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने ती जागच्या जागी दुबळी होते.

शेवटचा मुद्दा टिकण्याचा आहे. ही दोरी पाण्याने कुजत नाही, नायलॉनसारखी पाणी शोषत नाही, आणि रंग उडाला म्हणून ताकद गेली असेही नसते, कारण पॉलिएथिलीन रंग शोषत नाही आणि तो बहुतेक वेळा वरूनच चढवलेला असतो. पण त्या रंगासोबत वरचा लेपही जातो, दोरी लुळी पडते, आणि लुळी दोरी फिरत्या स्पूलवर काय करते ते वर आलेच आहे. झीज मात्र एकसारखी होत नाही: फेकीत येणारे पहिले 30-40 मीटर झिजतात आणि खालची दोरी कोरी राहते. म्हणून हंगामाच्या अखेरीस दोरी उलटी करून भरावी, म्हणजे आतले टोक बाहेर येते आणि तीच दोरी आणखी एक हंगाम देते. उलटी करण्यापूर्वी चिमटीत कापसाचा बोळा धरून त्यातून दोरी सावकाश ओढावी. जिथे कापसाचे धागे अडकून राहतात तिथे तंतू तुटलेले असतात, आणि तेवढा भाग निःसंकोच कापून टाकावा. कापलेला तुकडा खाडीकाठी टाकू नये, बाटलीत भरून घरी आणावा. जी दोरी कुजत नाही म्हणून आपण ती विकत घेतो, ती तिवरांत पडल्यावरही कुजत नाही, आणि ओहोटीच्या चिखलात चालणाऱ्या बगळ्याच्या पायाला तिचे दोन वेढे बसले तर ते त्याला सोडवता येत नाहीत.